ऑस्कर, सोड!

आमचा ऑस्कर नऊ वर्षांचा झाला त्या हिवाळ्यात मी त्याला कामाला लावायचं ठरवलं. फौजेतली कुत्री आठ-दहा वर्षांची झाली की निवृत्त होतात. आमच्याकडे त्या वयात भरती निघाली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी स्वतः साठाव्या वर्षी फॅक्टरीतून बाहेर पडलो आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी बायकोने माझ्यापुढे गव्हाची परात आणि रिकामं सूप ठेवलं होतं.

ऑस्कर लॅब्रॅडॉर आहे. रंग शिऱ्याचा, वजन ४१ किलो. मुलाने इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी हौसेने आणला, हौसेने नाव ठेवलं आणि हौस फिटायच्या आत नोकरीसाठी हिंजवडीला निघून गेला. कुत्रा जबलपुरात राहिला. आमच्या कामवाल्या बाईंच्या तोंडी 'ऑस्कर' बसेना, त्यांनी 'भास्कर' केलं. भास्कर हे माझ्या सासऱ्यांचं नाव. "ए भास्कर, चल हट उते से, पोंछा लगा रए हैं," असं ओसरीवरून ऐकू आलं की बायको भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बघते आणि मी पेपरात तोंड खुपसतो.

खुपसतो म्हणजे पेपर हाती लागला असेल तर. भानगड सगळी तिथेच होती. पहाटे सहाला पोरगा सायकलवरून गुंडाळलेला पेपर फाटकावरून आत भिरकावतो. ऑस्कर साडेपाचपासून टपून. पेपर जमिनीला टेकतो न टेकतो तोच तोंडात, आणि मग तुळशीवृंदावनाभोवती तीन प्रदक्षिणा. मी मागे, तो पुढे. शेवटी एक टोक माझ्या हातात येतं, दुसरं त्याच्या दाढेत, आणि आम्ही दोघं ओढतो. पहिलं पान त्याच्याकडे जातं, जाहिराती माझ्याकडे येतात. अग्रलेख कायम ओला. नऊ वर्षं मी ओढत होतो ते पेपरसाठी, आणि नऊ वर्षं त्याची पक्की समजूत होती की या गृहस्थांना सकाळी व्यायाम लागतो.

शेजारी सुभेदारसाहेब राहतात. मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरच्या केंद्रात कुत्र्यांबरोबर शिकलेले, मग सीमेवर कुत्र्यांबरोबरच नोकरी केलेले. माणसांशी बोलताना त्यांचा अजूनही हात वर जातो: तळवा पुढे, म्हणजे थांब. एके दिवशी ते कुंपणापलीकडून आमची प्रभातफेरी बघत उभे होते. म्हणाले, "बड्डे, जे रिट्रीवर है. आपने सोफा बना दओ."

सोफा हा शब्द मला लागला. कारण खरा होता.

मग त्यांनी मला कुत्र्याचं कूळ सांगितलं. लॅब्रॅडॉर हा लॅब्रॅडॉरचा नव्हेच, शेजारच्या न्यूफाउंडलंड बेटाचा. तिथल्या गोठवणाऱ्या पाण्यात कोळी लोक जाळ्यातून निसटलेला मासा आणि सुटलेला दोर आणायला या कुत्र्यांना उतरवत. बोटांमध्ये पडदे, शेपूट सुकाणूसारखं, अंगावर पाणी न धरणारी दुहेरी लव. पुढे काही कुत्री जहाजातून इंग्लंडला गेली आणि तिथल्या जहागीरदारांनी त्यांना माशांवरून बदकांवर आणलं. १९०३ मध्ये तिथल्या केनेल क्लबने लॅब्रॅडॉरला जातीचा दाखला दिला. म्हणजे आमच्या जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीच्या आधी एक वर्ष. तोफेचा गाडा आणि पाडलेलं बदक आणणारा कुत्रा, साहेबाने दोन्ही एकाच सुमारास कागदावर आणले.

कामही त्यांनी समजावलं. बार झाला की कुत्र्याने धावायचं नाही. बसून राहायचं आणि पक्षी कुठे पडला ते ध्यानात ठेवायचं. हुकूम झाला की जायचं. दात न रुतवता उचलायचं; मऊ तोंडाचा कुत्रा तो खरा. आणि परत येऊन मालकाच्या हातात द्यायचं. "लाना तो इसके खून में है," सुभेदारसाहेब म्हणाले. "देना सिखाना पड़ता है. और सुनो, छोड़ना अलग है, देना अलग." शेवटचं वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं नाही. ते पुढे अंगणभर पसरायचं होतं.

आमच्या घरात शिकारीचा वारसा आहे, असं आम्ही तीन पिढ्या सांगत आलो. आजोबा साताऱ्याहून इथे गन कॅरेजमध्ये नोकरीला आले. साताऱ्याचा माणूस कुत्र्याला कमी लेखत नाही. संगम माहुलीला शाहू छत्रपतींच्या खंड्या कुत्र्याची समाधीच आहे. वाघाच्या तावडीतून त्याने महाराजांना वाचवलं, अशी कथा आजोबा सांगत. त्यांच्याकडे बारा बोरची दुनळी होती आणि 'टायगर' नावाचा एक कुत्रा. बैठकीत फोटो आहे: सोला टोपी, दुनळी, पायाशी चार तितर आणि कडेला अर्धाच आलेला टायगर. जबलपूर हे ताल-तलैयांचं गाव, बावन्न तलाव सांगतात. राणी दुर्गावतीचा रानीताल, तिच्या दासीचा चेरीताल, दिवाण आधारसिंहाचा अधारताल. थंडीत त्यांवर बदकं उतरायची आणि टायगर पाण्यातून एकेक बदक आणून आजोबांच्या हातात द्यायचा, पीससुद्धा न मोडता. असं आजोबा सांगत. आजीची आठवण जरा वेगळी होती. तिच्या म्हणण्याप्रमाणे सात बदकं पडली तर घरी चार यायची, आणि टायगर त्या रात्री जेवायचा नाही.

रानीतालवर आता स्टेडियम आहे. बदक उतरायचंच म्हणालं तर त्याला तिकीट काढावं लागेल.

आता प्रश्न असा की या वयात कुत्र्याला शिकारीचं शिक्षण देऊन करायचं काय? १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारी कुत्र्यांच्या आख्ख्या जमातीवर बेकारी कोसळली. मारणं तर सोडाच, हाकारा घालणं, आमिष लावणं, मागे लागणं हेसुद्धा पुढे 'शिकार' या शब्दात घातलं गेलं. मी माणूस कायद्याचा. मी तो कायदा आणून वाचला, एखादी फट मिळते का बघायला. मिळाली! पाचव्या परिशिष्टात उपद्रवी प्राण्यांची यादी होती, त्यांना मारायला मनाई नव्हती: कावळा, उंदीर, फळं खाणारं वटवाघूळ. यादी वाचून आनंद झाला आणि लगेच ओसरला. कावळ्याकडे आमच्या पितरांचं खातं. पितृपक्षात ज्याला हात जोडून बोलवायचं त्याच्यावर एरवी कुत्रा सोडायचा? उंदीर गणपतीचं वाहन. राहता राहिलं वटवाघूळ. ते पाडायचं कसं आणि पाडलं तर खायचं कोणी? मी या धर्मसंकटात असतानाच कळलं की २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकली आहे. सरकारने माझी सुटका केली.

तेव्हा लक्ष्य ठरलं: पेपर. बदकासारखाच गुंडाळलेला, आकाशातून पडणारा, आणि संरक्षित नसलेला.

पेपरआधी सरावासाठी डमी लागते. परदेशात ती कॅनव्हासची विकत मिळते. बायकोने माझ्या जुन्या खाकी पॅंटीचा एक पाय कापून, त्यात रजईतला जुना कापूस ठासून, दोन्ही तोंडं शिवून एक वीतभर लोड करून दिला. तेहतीस वर्षं ज्या पॅंटीत नोकरी केली तिचा पाय कुत्रा तोंडात घेऊन फिरताना बघणं सोपं नसतं. पण सुभेदारसाहेब म्हणाले की वास ओळखीचा असला तर बरं.

पहिला घोळ भाषेचा. ऑस्करला मुलाने इंग्रजीत वाढवलं, आम्ही मराठीत पोसलं आणि बाकीचं गाव त्याच्याशी हिंदीत बोलतं. मराठीत 'बस' म्हणजे खाली बस, हिंदीत 'बस' म्हणजे पुरे. मी 'बस' म्हटलं की तो बसायचा, सुभेदारसाहेबांनी 'बस, बस' म्हटलं की दोनदा बसायचा. आम्ही 'ये' म्हणतो ते बोलवायला; हिंदीत कोणी "ये क्या है?" म्हणालं की हा शेपूट हलवत त्याच्याकडे. आणि 'हाड'! जगात मराठी माणूसच असा असेल, की जो कुत्र्याला हाकलताना त्याच्या सर्वांत आवडत्या पदार्थाचं नाव घेतो. आमची आत्या पुण्याहून आली होती, ती सोवळ्यात 'हाड हाड' म्हणत पुढे, आणि ऑस्कर आशेने तिच्या मागे मागे.

सुभेदारसाहेबांना हा विनोद समजावून सांगितला तर ते हसले नाहीत. म्हणाले, बरोबरच आहे. जंगलखात्याच्या कुत्र्यांना वाघाचं हाडच हुंगायला शिकवतात. खरं आहे ते. मध्य प्रदेशात वन्यजीव हुंगणाऱ्या कुत्र्यांचं प्रशिक्षण भोपाळच्या सशस्त्र पोलीस दलाच्या २३ व्या वाहिनीत २००८ पासून सुरू झालं. बस-रेल्वेत, पोत्यात, डब्यात दडवलेली वाघाची हाडं, बिबट्याचं कातडं ती शोधतात. शंभर वर्षं ज्या कुत्र्याने शिकाऱ्याला शिकार आणून दिली, तो आता शिकाऱ्यालाच धरून देतो. आजोबांच्या फोटोतला टायगर अर्धाच आलाय, तो त्याने आधीच अंग काढून घेतल्यामुळे असावं.

तर भाषा एक ठरली, मराठी. शब्द चार: बस, आण, दे, सोड. त्यातला 'दे' शिकवायचा राहिला, त्याचं काय झालं ते पुढे.

बायकोला या सगळ्यात काडीचा विश्वास नव्हता. तिने तो सुप्रसिद्ध प्रयोग सांगितला: कुत्र्याचं शेपूट, नळी आणि परिणाम. मी तिला व्हिएन्नाचा प्रयोग सांगितला. तिथे पाच महिन्यांपासून तेरा वर्षांपर्यंतच्या ९५ बॉर्डर कॉली कुत्र्यांना टचस्क्रीनसमोर बसवून नाकाने चित्रं निवडायला लावलं. म्हातारी कुत्री नवं शिकायला वेळ लावत, चुका जास्त करत. पण 'हे नाही, तर मग ते' असा तर्क लावायची वेळ आली की म्हातारी सरस ठरली. कारण वाचून मला भरून आलं. म्हातारी कुत्री हट्टी असतात, एकदा बसलेला समज सोडत नाहीत, आणि त्या परीक्षेत नेमकं तेच उपयोगी पडलं. हट्टाला गुण मिळतात अशी एक तरी परीक्षा जगात आहे. "तुम्ही बसला असता तर पहिले आला असता," बायको म्हणाली.

धडे सुरू झाले. आमच्या घराला ओसरीपासून न्हाणीघरापर्यंत लांब बोळ आहे. दोन्ही बाजूंची दारं लावून घ्यायची, लोड टोकाला टाकायचा. कुत्र्याला परतायला वाट एकच, माझ्याकडे. पाच मिनिटं सकाळी, पाच संध्याकाळी, पुढे नाही. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे आधी थकतात, मग मन. लोड एरवी कपाटात, खेळायला नाही. उड्या नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचं: कुत्रा वस्तू घेऊन पळाला तर त्याच्या मागे कधीही धावायचं नाही. उलट पाठ फिरवून आपणच पळायचं, म्हणजे तो आपल्या मागे येतो.

हा नियम बोळात ठीक होता. पेपरच्या वेळी तो अंगणात, मग फाटकाबाहेर लागू झाला. नेपियर टाउनच्या आमच्या गल्लीत सकाळी सहाला एक चौसष्ट वर्षांचा गृहस्थ बनियनवर पळतोय आणि मागे ४१ किलोंचा कुत्रा धावतोय, हे दृश्य लोकांनी आपापल्या परीने समजून घेतलं. समोरच्या गच्चीवरून एकाने माझ्यासाठी काठी फेकली. ऑस्करने पेपर टाकला आणि काठी उचलली. त्या दिवशी 'सोड' चा पहिला यशस्वी प्रयोग झाला, पण त्याचं श्रेय मला घेता येत नाही.

'सोड' शिकवायची रीत अशी. 'सोड, सोड' म्हणून आधी ओरडायचं नाही. नाकाशी त्याच्याहून चांगली वस्तू न्यायची. तोंड उघडतं. उघडलं, त्या क्षणी हलकेच म्हणायचं, 'सोड'. शब्द घटनेच्या मागून येतो. शेपन्नास वेळा झालं की कुत्र्याला वाटतं घटनाच शब्दाच्या मागून येते. चांगली वस्तू म्हणून मी कमानिया गेटजवळून खोव्याची जलेबी आणली होती. सुभेदारसाहेबांनी हात वर केला. गोड बंद. पनीरचा शेंगदाण्याएवढा तुकडा, बास. व्हेटरनरी कॉलेजातल्या डॉक्टरीणबाईंनीही वजनाचा काटा बघून तेच सांगितलं होतं. शिवाय या जातीची भूक नुसत्या हावरटपणाची नाही. केंब्रिजच्या लोकांनी २०१६ मध्ये शोधून काढलं की जवळजवळ चौथा हिस्सा लॅब्रॅडॉरांच्या पीओएमसी नावाच्या जनुकात एक तुकडा गळालेला असतो, आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूकडे नीट पोचतच नाही. हे मी बायकोला अगदी हळव्या आवाजात सांगितलं. ती म्हणाली, "मग तुमच्यातही बघायला सांगा. जलेबी चार होत्या, डब्यात एक आहे."

जलेबीचं राहू द्या. महिना झाला, दीड झाला. आणण्यात ऑस्कर हुशार निघाला. कुठे पडलं ते बघतो, सरळ जातो, सरळ येतो. पण समोर आला की जबडा मिटलेला. डोळे माझ्याकडे, लोड तोंडात, कडेने लाळेची तार. पनीर असेल तर विचार करणार, नसेल तर नाही. मी वैतागून म्हणालो, "हा सोडतच नाही!"

बायको पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "अहो, तुम्ही काय सोडलंत आजवर? गॅरेजात बंद पडलेली स्कूटर आहे. माझ्या भावाने लग्नात मठ्ठ्याबद्दल काय म्हटलं ते तुम्ही परवा पुन्हा सांगितलंत. आणि ती बंदूक."

ती बंदूक म्हणजे आजोबांची दुनळी. वडिलांकडे आली, त्यांनी वारसाहक्काने परवाना घेतला. मग माझ्याकडे आली, मीही घेतला. आजोबांनंतर तिच्यातून बार निघाला नाही. मी वर्षातून दोनदा तेल-पाणी करतो, परवान्याच्या नूतनीकरणाला रांगेत उभा राहतो, आणि निवडणूक आली की ती ठाण्यावर जमा करून पावती घेतो. निकाल लागला की पावती दाखवून परत आणतो. लोकसभा, विधानसभा, मधल्या काळात नगर निगम. ऑस्करचा लोड आणि माझी बंदूक यांत फरक एवढाच, की मला वाटेत कोणी पनीर देत नाही.

होळीनंतरच्या रविवारी सुभेदारसाहेब परीक्षा घ्यायला आले. खिशातून त्यांनी एक कच्चं अंडं काढलं. मऊ तोंडाची ही जुनी कसोटी: कुत्र्याने अंडं उचलून, चालत येऊन, न फोडता हातात द्यायचं. आमच्या घरात अंडं उंबरठ्याच्या आत येत नाही, म्हणून परीक्षाकेंद्र अंगणात, तुळशीपासून लांब. बायको स्वयंपाकघराच्या दारात, बाई नळावर भांडी घासतायत.

सुभेदारसाहेबांनी अंडं गवतावर ठेवलं. मी 'आण' म्हटलं. ऑस्कर गेला. त्याने ते हुंगलं, मान तिरकी केली, आणि ओठ मागे घेऊन, देवघरातला शाळिग्राम उचलावा तसं उचललं. इतकी मोठी कुत्र्याची जिवणी इतकी जपून मिटताना मी नऊ वर्षांत पाहिली नव्हती. पावलं मोजत तो आला, माझ्यापुढे बसला. अंडं शाबूत, दोन दातांच्या मधून त्याचं पांढरं टोक दिसत होतं. सुभेदारसाहेब कुजबुजले, "अब हाथ नीचे लाओ, धीरे." मी हात पुढे केला. माझा हात थरथरत होता, त्याची नजर स्थिर होती. आजोबा, टायगर, रानीताल, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं.

तेवढ्यात नळावर बाईंच्या हातात कढई आणि बायकोच्या हातात तिचा दुसरा कान, असं काहीतरी झालं आणि बायको ओरडली, "अगं सोड, मी धरलीय, सोड!"

ऑस्करने सोडलं. पनीर नाही, वाटाघाट नाही, एका शब्दावर. माझा हात अजून चार बोटं लांब होता.

अंडं फरशीच्या कडेवर पडलं. सगळे गप्प होतो. ऑस्करने खाली बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मग ज्या तत्परतेने त्याने ती जागा स्वच्छ केली, तशी तत्परता त्याने प्रशिक्षणात कधी दाखवली नव्हती. सुभेदारसाहेबांनी टोपी काढून पुसली. "तोंड मऊ आहे, पास," असा निकाल दिला. "हुकूमही पाळला, पास." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हम बोले थे न बड्डे. छोड़ना अलग है, देना अलग. फेल कुत्ता नईं भओ." बाईंनी तिथे दोन बादल्या पाणी ओतलं आणि दोनदा "भास्कर" म्हटलं. बायकोने त्या दिवशी फोटोकडे बघितलं नाही.

त्यानंतर आम्ही 'दे' वर काम केलं. वस्तू तोंडात असतानाच खाली हात धरायचा, हाताला टेकली की मगच पनीर; जमिनीवर पडली तर काही नाही, पुन्हा सुरुवात. दहा दिवसांत जमलं. हल्ली पेपर हातात येतो, अग्रलेख कोरडा असतो. पनीर संपलं असेल तर तो पेपर माझ्या हातात ठेवतो, क्षणभर थांबतो, आणि परत घेऊन जातो.

२०२४ च्या लोकसभेला बंदूक मार्चमध्ये ठाण्यावर गेली. जबलपूरचं मतदान १९ एप्रिलला झालं, निकाल ४ जूनला लागला. पावती टेबलाच्या वरच्या खणात आहे, चष्म्याच्या जुन्या घरात घडी करून. जुलैत बायकोने विचारलं, "अहो, आणायची नाही का?" म्हटलं, आणतो, जरा पाऊस थांबू दे. आता ऑक्टोबर निम्मा झाला. ऊन असं कडक पडलंय की ऑस्कर दिवसभर न्हाणीघराच्या फरशीवर पोट टेकून असतो.